यंदाचा उंबर

दादूसच्या घरी आलेल्या माणसाला पाणी लगेच मिळत नसे. आधी प्रश्न यायचा, "कसा आयलास?" बाई असली तर "कशी आयलीस?" हा प्रश्न ख्यालीखुशालीचा नव्हता. त्याला वाट ऐकायची असायची. कुठून आत शिरलात, काय डाव्या हाताला ठेवलंत, कुठे वळलात, कुठे चुकलात. पाहुणा घामाघूम, दादूसची बायको, म्हणजे आमची काकी, तांब्या-फुलपात्र घेऊन दारात खोळंबलेली, आणि दादूस खाटेवर मांडी घालून, डोळे मिटून ऐकतोय. वाट पटली की तो डोळे न उघडताच हात हलवायचा. मग काकीला पुढे येता यायचं. एकदा तो स्वतः तापाने फणफणला होता तेव्हा मेडिकलवाला गोळ्या घेऊन आला. त्यालाही सोडलं नाही. तशा तापात त्याने मेडिकलवाल्याला वाट दोनदा सांगायला लावली, कारण त्यात एक वळण कमी पडत होतं.

"फोन बघून आलो" म्हणणाऱ्याची तर धडगत नव्हती. "मंग तू नाय आयलास. फोन आयला," दादूस म्हणायचा. "त्यालाच बसव." आणि खरोखरच फोन पाटावर ठेवायला लावून त्याच्यापुढे पाण्याचं फुलपात्र ठेवायचा. फोनवाला माणूस बिचारा कोरड्या घशाने बघत बसायचा. विमा काढायला आलेला एक एजंट आपल्याच फोनचं पाणी चोरून प्यायला आणि पळाला, तो पुन्हा आला नाही.

आता हसू येतं, पण पहिल्या दिवशी मला काही हसू आलं नव्हतं.

मी श्रीगोंद्याकडची. अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत केमिस्ट म्हणून लागले, आणि पालेगावात खोली मिळेल असं कंपनीतल्या एका बाईंनी सांगितलं. अंबरनाथला पूर्वेला उतरून शेअर रिक्षाने मी पालेगावच्या नाक्यावर आले. हातात बॅग, पाण्याची बाटली रिकामी. चहूकडे वीस-बावीस मजल्यांचे टॉवर, सगळे एकाच बदामी रंगाचे. फोनमधल्या नकाशाने मला एका बिल्डरच्या ऑफिससमोर नेऊन उभं केलं आणि पोहोचलात म्हणून जाहीर केलं. आतली मुलगी मला टू बीएचके दाखवायला लागली. मी कशीबशी बाहेर पडले आणि दादूसला फोन लावला.

"कुठं हायस?"

"बिल्डरच्या ऑफिससमोर."

"तसा काय नाय तिथं."

"आहे हो काका. मी समोरच उभी आहे."

"तुझे पाय भिजले का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी खाली बघितलं. "नाही," म्हणाले. "कोरडे आहेत."

"मंग तू अजून ओहोळ नाय ओलांडलास. पुढं ये."

तो ओहोळ कधीच पाइपात घालून वर रस्ता केला होता, हे मला कोण सांगणार? मी पाय भिजायची वाट बघत चालत राहिले. मग "दोन खाचरं सोड" झालं. खाचर म्हणजे भाताचं शेत एवढं मला माहीत होतं, पण समोर एक जिम होती आणि तिच्या काचेमागे माणसं जागच्या जागी पळत होती. मग "राबाच्या जागंवरून वर चढ" झालं. राब म्हणजे भाताची रोपं करायला भाजलेली जमीन, हे मला फार नंतर कळलं. दीड तासाने काकीनेच मला एका पार्किंगमधून हाताला धरून ओढत आणलं. घर त्या बिल्डरच्या ऑफिसपासून चाळीस पावलांवर होतं. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि दादूस म्हणाला, "कशी आयलीस?"

मी बॅग खाली टाकली आणि भोकाड पसरलं.

दादूसने डोळे मिटून ते पूर्ण ऐकलं. "रडत आयली," तो काकीला म्हणाला. "ती पन वाटच हाय. दे पानी."

सगळा गाव त्याला दादूस म्हणायचा आणि अरेतुरे करायचा. मी सुरुवातीला अहोजाहो करून बघितलं, तर तो मागे वळून बघायचा, कोणी साहेब आला की काय म्हणून. समोर मी शेवटपर्यंत ‘तुम्ही’च म्हटलं, पण लिहिताना ‘तो’ येतं, ते तसंच राहू दे.

तेव्हा तो सत्तरीला आला होता. हडकुळा, ताठ, अंगात सदरा, सदऱ्याच्या खिशात कायम एक खडू. लोकांना वाटायचं म्हातारा विकलेल्या जमिनीसाठी झुरतो. काही झुरत नव्हता. दुमजली घर होतं, खाली आम्हा भाडेकरूंच्या खोल्या होत्या, वर एसी होता, आणि एसी लावून गोधडी पांघरून दादूस दुपारी सुखाने घोरत असे. जमीन त्याने राजीखुशीने दिली होती. "पन वाट नाय दिली," असं तो म्हणायचा. "कागदात वाट लिवली असली तर दाखव." बिल्डरकडे त्याने खरंच एकदा विचारणा केली होती, आणि तिथल्या वकिलाने सगळे कागद चाळून सांगितलं होतं की नाही, वाट असा शब्द यात कुठे नाही. झालं. त्या दिवसापासून दादूसच्या डोक्यात शेतं विकली गेली आणि बांध शिल्लक राहिले.

नाक्यावरून त्याच्या घराकडे येणारा जुना बांध तिरका होता. आता त्या तिरक्या रेघेत एका टॉवरची लॉबी येत होती. सरळ रस्त्याने गेलं तर तीन मिनिटं लागायची, पण दादूस दिवसातून दोनदा लॉबीतून जायचा. पुढच्या काचेच्या दारातून आत, संगमरवरावरून तिरका, सोफ्याला वळसा, मागच्या दारातून बाहेर. पाऊलही बांधावर टाकतात तसं, एकापुढे एक. तिथला वॉचमन गोंडा जिल्ह्यातला होता, भला माणूस होता. त्याने आधी अडवलं, मग हात जोडले, मग रजिस्टर पुढे केलं. रजिस्टरात नाव, फ्लॅट नंबर आणि काम असे तीन रकाने होते. दादूस नाव लिहायचा, फ्लॅटच्या रकान्यात फुली मारायचा आणि कामाच्या रकान्यात लिहायचा, ‘घरी जाणे’. दिवसातून दोनदा. सोसायटीच्या चेअरमननी एकदा रजिस्टर तपासलं आणि वॉचमनला विचारलं, हा कोण? वॉचमन म्हणाला, "साहब, ये यहाँ रहते नहीं हैं, यहाँ से रहते हैं." चेअरमनना ते इतकं पटलं की त्यांनी मागच्या दाराला वंगण घालून घेतलं.

माझे वडील, अण्णा, मला बघायला म्हणून पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना बजावलं होतं, नाक्यावर थांबा, मी घ्यायला येते. कंपनीतून निघायला मला उशीर झाला. अण्णांनी दादूसला फोन केला. मी धापा टाकत घरी पोचले तर अण्णा खाटेवर बसून चहा पीत होते.

"तुम्ही कसे आलात?" मी विचारलं.

"सांगितलं त्यांनी तसा आलो. दोन खाचरं सोडली न् वर चढलो."

"खाचरं? कुठे आहेत खाचरं?"

"अगं, दिसत नसली म्हनून काय झालं? पाणी कुनीकडनं येतंय आन् कुनीकडं उतरतंय एवढं इचारलं मी. मंग शेत कसं पडलं आसंल ते कळतंयच की." अण्णांनी माझ्याकडे बघितलं ते बघणं मी विसरणार नाही. एमएस्सी झालेली पोर आणि उतार कळत नाही.

दादूस त्या दिवशी इतका खूश झाला की अण्णांना त्याने निघताना कोंबडी दिली. जिवंत. ती घेऊन अण्णा श्रीगोंद्यापर्यंत कसे गेले हा वेगळा विषय आहे.

खोली देताना दादूसने एक अट घातली होती. "भाऊबिजेला गावाला जावाचा नाय."

"का?"

"उंबर लागतो."

मला वाटलं त्यांच्याकडे पूजेला उंबराची फांदी लागत असेल. "आणून देईन की," मी म्हणाले.

"आनाचा नाय. व्हवाचा."

खोली स्वस्त होती, मी मान डोलावली. कंपनीतल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हो, ते आहे थोडं. मागचा उंबर बदली होऊन पुण्याला गेला ना, म्हणून तर खोली रिकामी झाली."

प्रकार असा होता. दादूसची एकुलती एक बहीण उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये राहायची. दर भाऊबिजेला ती ओवाळायला पालेगावात यायची. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे टॉवरांची नावं तिच्या कामाची नव्हती. तिची वाट लहानपणची. नाक्यावरून आत शिरायचं, उंबराशी डावीकडे वळायचं, विहिरीवरून सरळ, बांधाच्या दगडाशी उजवीकडे, की घर. आता उंबर तोडला होता, विहीर बुजवली होती, दगड जेसीबीने कुठे नेला कोणाला माहीत. बहीण चुकेल, या धास्तीने दादूस नवरात्रापासूनच अर्धा होत जायचा. मग भाऊबिजेच्या सकाळी तो खडू घेऊन निघायचा, जागा पावलांनी मोजायचा, खुणेचा गोल काढायचा, आणि प्रत्येक गोलात एक माणूस उभा करायचा.

मी उंबर. काकी विहीर. वॉचमन दगड.

वॉचमनची चैन होती, दगड बसलेला चालायचा. काकीचा गोल सोसायटीच्या बागेत घसरगुंडीच्या पायथ्याशी पडत होता. ती तांब्याचा हंडा कमरेवर घेऊन तिथे उभी राहायची आणि घसरून येणारी मुलं तिच्या पायाशी येऊन थांबायची. "पन्नास वर्सं याच्याशी संसार केला," काकी मला म्हणाली, "न् शेवटाला विहीर झाली."

माझा गोल एका टॉवरच्या गाड्या वर चढायच्या उतारावर, मधोमध होता. हातात उंबराची खरी फांदी. ती गटाराच्या भिंतीच्या चिरेत उगवलेल्या एका उंबराची असायची, दादूस ती पहाटे तोडून आणायचा. मी जरा बाजूला सरले तर लांबून ओरडायचा, "उंबर हलत नाय!" पहिल्या वर्षी थोड्या वेळाने एक पांढरी गाडी वर चढायला आली आणि हॉर्न वाजवायला लागली. काच खाली करून मालक म्हणाले, "मॅडम, साइडला व्हा ना."

"मला हलता येणार नाही," मी म्हणाले. "मी झाड आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. गाडीवाल्यांनी हळूच गाडी मागे घेतली, मला वळसा घातला आणि जाताना मागच्या सीटवरच्या बायकोने मला हात जोडले.

साडेअकराच्या सुमारास दादूसची बहीण आली. लहानखुरी म्हातारी, काष्ट्याचं लुगडं, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, हातात पिशवी. सरळ माझ्याकडे आली, फांदीच्या पानाला हात लावला आणि मला खालून वर न्याहाळत म्हणाली, "यंदाचा उंबर बारीक हाय."

मग ती माझ्या गोलाच्या कडेला, उताराच्या कट्ट्यावर टेकली. "पाच मिंटं बसतंय. मना धाप लागली असा समजंल तो. तू हलू नको, बघत असंल."

"आत्या, तुम्हाला सापडलं बरोबर?" मी विचारलं.

"सापडाला काय झाला?" ती म्हणाली. "माझा पोऱ्या रिक्षानं आनतो मना. दारापर्यंत सोडतंय बोलतो. मीच नाक्यावर उतरतंय."

मी फांदी धरून बघतच राहिले. म्हणजे सकाळपासून मी तिथे उन्हात कशासाठी उभी होते?

"मग त्यांना सांगत का नाही?"

"काय सांगू? मी नाय चुकत. तो चुकला व्हता."

मी मनात म्हणत होते तेच विचारलं. भाऊबिजेला खरं तर भावाने बहिणीकडे जायचं. मग दर वर्षी हीच कशी येते? आत्याने गजरा सारखा केला, एकदा काकीच्या दिशेने बघितलं आणि सांगितलं.

तिचं लग्न झालं ते वर्ष. नवरा तिकडच्या कारखान्यात, म्हणून कॅम्पात बराकीतली खोली घेतलेली. तेव्हा सगळ्या जुन्या लष्करी बराकी, एकीसारखी दुसरी. पहिल्या भाऊबिजेला दादूस निघाला, विशीतला पोरगा, हातात हिरवं लुगडं, लाल काठाचं, स्वतः पारखून घेतलेलं. तिने निरोप धाडला होता, तिसरी रांग, पाचवं दार. आता रांगा मोजायच्या कुठून? शेतात मोजतात ते पाणी येतं त्या बाजूने. पहिलं खाचर म्हणजे पाण्याच्या तोंडाचं. बराकींना पाण्याचा नळ नेमका दुसऱ्या टोकाला होता. दादूसने नळ बघितला असणार आणि तिथून मोजायला सुरुवात केली असणार.

तिसऱ्या रांगेतलं पाचवं दार उघडलं ते एका सिंधी बाईने. तिला भाऊ नव्हता. भाऊबिजेच्या दिवशी दारात एक ताठ उभा पोरगा, हातात नवं लुगडं, तोंडातून शब्द नाही. ती म्हणाली, "आओ भाई." आणि दादूस गेला आत. नाही म्हणायची लाज वाटली. तिने पाटावर बसवलं, टिळा लावला, ओवाळलं, कोकी आणि साई भाजी वाढली. तो जेवला. आणि ओवाळल्यावर ताटात काही टाकल्याशिवाय उठायचं कसं? त्याने लुगडं तिच्या हातात दिलं.

बाहेर आल्यावर हात रिकामे. रिकाम्या हाताने बहिणीच्या दारात कोणत्या तोंडाने जायचं? तो तसाच पालेगावला परत आला.

"मी दिस मावलंस्तवर ताट घेऊन बसलेली," आत्या म्हणाली. "निरंजनात तीन वेला तेल घातला. जेवली नाय. तो आयलाच नाय."

"मग कळलं कसं तुम्हाला?"

"चौथ्या दिवशी ती बाई लुगडं घेऊन दारोदार फिरत आयली. किसका भाई आया था, किसका भाई आया था. अजून हाय ती. माझी मैतरीण हाय." आत्या हसली. "लुगडं मीच नेसलं. दोन वेला तर याच्याच दारात नेसून आयली. वलखलाच नाय गं यानं! सगल्या गावाचं बांध पाठ, न् सोता घेतलेलं लुगडं नाय वलखत."

"अहो पण सांगून टाका ना त्यांना! पन्नास वर्षं झाली."

"लाजून मरंल तो. त्यापरीस मी येतंय ती बरी." मग तिने पिशवी मांडीवर घेतली. "फकस्त एकदा यावा त्यानं. माझ्या दाराला त्याचं पाय नाय लागलं अजून. आता दोगं पन पिकलो. एकदा यावा." तिने गुडघ्यावर हात रेटला आणि उठली. "कोनाला बोलू नको. उंबर बोलत नाय."

ती विहिरीकडे गेली, दगडाशी वळली आणि घरी पोचली. मी फांदी टाकून मागोमाग पळाले. दादूस खाटेवर डोळे मिटून बसला होता. "कशी आयलीस?"

"उंबरावरून आयली," ती शहाण्या मुलीसारखी म्हणाली. "डाव्या हाताला वलली. विहिरीवरून सरल. दगडाशी उजव्या हाताला."

दादूसने हात हलवला. काकीने पाणी दिलं. मग ओवाळणं, जेवण, सगळं. भरली वांगी मी ताटात तशीच ठेवली. खूप राग येत होता आणि कोणावर ते कळत नव्हतं.

असे तीन उंबर मी केले. दुसऱ्या वर्षी पांढरी गाडी आपणहून वळसा घालून गेली. तिसऱ्या वर्षी त्या बाईने माझ्या गोलात नारळ ठेवला.

चौथ्या वर्षी दसऱ्याच्या आधी आत्याच्या मुलाचा फोन आला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तीन महिने जिना उतरायचा नव्हता. "मामा, यंदा तुलाच येवाचा हाय," तो म्हणाला.

दादूसचं जेवण तुटलं. लॉबीतून जाताना त्याचं पाऊल सोफ्याला लागायला लागलं. मला पुन्हापुन्हा विचारायचा, "तुना कॅम्प ठावूक हाय?" मी म्हणायचे, आहे की, फोनवर दिसतं सगळं, मी नेते. त्यावर तो तुच्छतेने बघायचा. "फोन गेला तर फोनची बहीन भेटंल." मग पुन्हा तासाभराने तेच, "तुना कॅम्प ठावूक हाय?" काकी म्हणाली की त्याने दोनदा नकोच जायला असं ठरवलं आणि दोनदा रडला. पन्नास वर्षांत तिने त्याला रडताना पहिल्यांदा बघितलं.

मी आत्याला फोन केला. पत्ता नीट सांगा म्हणाले, मजला, गल्ली, खूण. तिने काहीच सांगितलं नाही. "त्याला नाक्यावर उतरव न् गल्लीत शीर बोल. बाकीचा मी बघतंय."

भाऊबिजेला दादूस नवा पांढरा सदरा घालून निघाला. काखेत पुडकं. हिरवं लुगडं, लाल काठाचं, मला न विचारताही कळलं. लॉबीतल्या रजिस्टरात त्याने पहिल्यांदाच कामाच्या रकान्यात वेगळं लिहिलं, ‘बहिणीकडे’. वॉचमनने ते वाचलं आणि उभा राहून सलाम केला.

कॅम्प एकच्या नाक्यावर आम्ही रिक्षातून उतरलो. बराकींचा मागमूस नव्हता. दुकानावर दुकान, पाटीवर पाटी, त्यावर चार-पाच मजले, वरून तारांचं जाळं, दिवाळीची गर्दी. मला स्वतःला गल्लीचं तोंड दिसेना. दादूसने पुडकं छातीशी धरलं आणि तिथेच खिळला.

"नल कुठल्या टोकाला हाय?" तो म्हणाला.

फोन हातात होता, तो मी पर्समध्ये ठेवला.

"नल कुठं हाय गं? सांग ना."

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या चादरींच्या दुकानातून शेठ बाहेर आले. पन्नाशीचे, पोट सुटलेलं, गळ्यात सोन्याची साखळी. गिऱ्हाईक आत तसंच सोडून ते फुटपाथवर खडूने काढलेल्या एका गोलात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात उंबराची फांदी होती. कॅम्पात उंबर कुठून पैदा केला ते तेच जाणोत.

"दादूस है ना? आओ, आओ," शेठ म्हणाले. "अपुन झाड़ है. अपुन से लेफ्ट मारने का."

दादूस त्यांच्याकडे बघत राहिला. मग पुढे झाला, फांदीच्या पानाला हात लावला, शेठना खालून वर न्याहाळलं. "जाडा हाय," तो मला हळूच म्हणाला. पण वळला डावीकडेच.

गल्लीत पापडाच्या दुकानासमोर एक बाई स्टीलची बादली कमरेवर घेऊन उभी होती आणि लाजून हसत होती. विहीर. दादूसने तिच्यावरून सरळ पुढे पाऊल टाकलं, बांधावर टाकतात तसं, एकापुढे एक. लोक बाजूला होत होते. काहींना माहीत असावं, काही उगीच बाजूला होत होते.

गल्लीच्या टोकाला खडूच्या गोलात प्लास्टिकची खुर्ची होती आणि खुर्चीत एक फार म्हातारी बाई बसली होती, पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेली. दगड. दादूस तिच्यापुढे आला आणि थांबला. तिने चष्म्यातून आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग काखेतल्या पुडक्याकडे.

"भाई," ती म्हणाली, "इस बार मेरे को नहीं देने का. बाजूवाला दरवाज़ा."

दादूसचा चेहरा मी बघितला, पण तो लिहायचा नाही असं ठरवलंय. त्याने खाली वाकून तिच्या पायाला हात लावला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने उजवीकडे दाखवलं.

एक जिना चढून दार होतं. ते उघडंच होतं. आत्या ताट घेऊन खुर्चीत बसली होती, एक पाय स्टुलावर, निरंजन पेटलेलं. मागे तिची सून पाण्याचा तांब्या घेऊन तयार. सून पुढे व्हायला लागली तशी आत्याने हात आडवा केला. तिने डोळे मिटून घेतले.

"कसा आयलास?"

दादूस उंबऱ्याच्या आत आला. पुडकं दोन्ही हातांनी धरलेलं.

"उंबरावरून आयलो," तो म्हणाला. "डाव्या हाताला वललो."

आत्याने हात हलवला. मग त्याला पाणी मिळालं.